एका फोनचं घर

"अकराशे सेहेचाळीस."

"दीदी, स्क्रीनवर काय आलंय ते वाचा."

"स्क्रीनवरचं मले दिसून राहिलं. मी कार्डांचं बोलून राहिली. अकराशे सेहेचाळीस कार्डं होती, अकराशे सेहेचाळीस भरली. याच बोटांनी."

"आणि सिस्टिममध्ये आहेत चारशे बारा. म्हणजे बाकीची तुम्ही सेव्हच केली नाहीत."

"सेव्ह नाही केली? दर कार्डामागं ती हिरवी पट्टी यायची, झालं म्हणून सांगाले. ती काय मी घरून रंगवून आणली होती?"

"मग मोजताना चुकलं असेल. काय लिहिलंत?"

"तू शिकवलं तेच. सिलेक्ट, काउंट, कंसात चांदणी, फ्रॉम, पेशंट. एवढ्याशात चुकाले जागा तरी कुठं आहे?"

शिशिरने की-बोर्ड स्वतःकडे ओढला आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. चारशे बारा. बटण पुन्हा दाबलं. चारशे बारा. तिसऱ्यांदा दाबलं, जरा जोरात.

"दाबत राहा," इंदूदीदी म्हणाल्या. "एखाद वेळी लाजून वाढतील."

तो हसला नाही. त्याही हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, डोळ्यांच्या कडा दोन बोटांनी दाबल्या आणि तशाच बसून राहिल्या.

समता कॉलोनीतल्या या दवाखान्यात दुपारी दोन ते पाच पेशंट नसतात. शटर अर्धं खाली येतं, व्हरांड्यातले बाक रिकामे होतात, कूलर मात्र कोणासाठी चाललाय ते न विचारता चालत राहतो. मागच्या खोलीत सोळा ड्रॉवरचं लोखंडी कपाट आहे आणि त्याला खेटून कॉम्प्युटरचं टेबल. गेले सहा आठवडे रोज अडीच ते चार या वेळात बावन्न वर्षांच्या इंदू घाटे तिथे डेटाबेस शिकत होत्या आणि सत्तावीस वर्षांचा शिशिर त्यांना शिकवत होता. तो साताऱ्याचा. पंडरीच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली म्हणून वर्षापूर्वी रायपूरला आला. पहिल्या दिवशी त्याने त्यांना 'काकू' म्हटलं होतं.

"काकू तुह्या घरी," त्या म्हणाल्या होत्या. "इथं मले सगळे दीदी म्हणतात. ऐंशी वर्षांची म्हातारी बी दीदीच म्हणते. तूही म्हण."

दवाखाना सिकलिंगचा. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे सांधे ठणकतात, लेकरं रात्रंदिवस कण्हतात, असा हा आजार. तो कोणाकडून लागत नाही, आईबापांकडून येतो. ज्याच्यात अर्धाच आलाय त्याला काही होत नाही, तो नुसता वाहक. पण दोन वाहकांचं लग्न झालं की मुलाच्या वाट्याला पूर्ण आजार येऊ शकतो. म्हणून इथे एक माणूस तपासून भागत नाही, अख्खं घर तपासावं लागतं.

हे इंदूदीदींना कोणी शिकवलं नाही. त्या बावीस वर्षांपूर्वी इथे लागल्या तेव्हा बी.ए. होत्या आणि अक्षर चांगलं होतं, एवढंच. डॉक्टर नरहर यांनी त्यांना कपाट दाखवलं होतं. कार्डं अ, आ, इ अशी लावलेली. तिसऱ्या वर्षी बीरगांवची एक सात वर्षांची मुलगी आली, हातापायांना सूज. डॉक्टरांनी आईला विचारलं, घरात आणखी कोणाला? शेजारी सासू बसलेली. आई म्हणाली, कोणाला नाही. संध्याकाळी कार्ड जागेवर ठेवताना इंदूदीदींना पत्ता ओळखीचा वाटला. टंकी के बाजूवाली गली. त्यांनी सगळे ड्रॉवर उपसले. वर्षापूर्वी त्याच गल्लीतला एक मुलगा येऊन गेला होता, वेगळ्या नावाखाली, वेगळ्या अक्षरात. तिचाच भाऊ. वर्षभर बिनऔषधाचा.

पुढच्या रविवारी त्या एकट्या आल्या आणि त्यांनी अ, आ, इ मोडून टाकलं. पाऱ्याप्रमाणे, म्हणजे वस्तीप्रमाणे, ड्रॉवर. ड्रॉवरमध्ये घराप्रमाणे पाकिटं, खाकी. पाकिटात घरातल्या सगळ्यांची कार्डं. वाहकाच्या कार्डाचा कोपरा निळ्या पेन्सिलीने रंगवलेला, आजार असलेल्याचा लाल. डॉक्टर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पाकीट उघडलं, पाच माणसं एकदम हातात आली. त्यांनी कपाटाची किल्ली इंदूदीदींसमोर ठेवली.

"संध्याकाळी माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला लावून जात जा."

वीस वर्षं ती किल्ली दर संध्याकाळी त्या खिळ्यालाच गेली. डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले, खिळा राहिला. आता त्या खुर्चीत त्यांच्या सूनबाई बसतात, डॉक्टर कौमुदी.

आणि त्या पाकिटांमुळे एक चाल पडली. बीरगांवकडची माणसं पोरीचं लग्न ठरवायच्या आधी इंदूदीदींकडे येऊ लागली. पत्रिका नंतर, कार्ड आधी. गेल्याच आठवड्यात राधिकाची आजी आली होती. बाकावर न बसता दारातच उकिडवी बसली.

"दीदी, नोनी के बिहाव के बात चलत हे. तैं कार्ड देख के बता."

राधिका एकोणीस वर्षांची, कोपरा निळा. मुलाकडचंही कार्ड कपाटात होतं. तोही कोपरा निळाच. इंदूदीदी असं कधी बोलून दाखवत नाहीत. एकाचं दुसऱ्याला सांगणं त्यांच्या हिशेबात चोरीच. त्या एवढंच म्हणाल्या, "पोराले घेऊन ये दाई, दोघांले समोर बसवून मॅडम बोलतील." म्हातारी समजली. हव म्हणाली आणि गेली.

कॉम्प्युटर यायचं कारण वेगळं. दिल्लीच्या एका संस्थेने दवाखान्याला नवं मशीन देऊ केलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घ्यायचं, दुपारपर्यंत निकाल. अट दोन गोष्टींची: रेकॉर्ड कॉम्प्युटरवर हवं आणि मशीनला बंद खोली हवी. बंद खोली एकच होती, कपाटाची.

डॉक्टर कौमुदींनी तेव्हाच सांगितलं होतं, "दीदी, साफ बोलते. मागच्या सॉफ्टवेअरवाल्याने काम केलं आणि पळून गेला, कोणाला काही काढता येईना. आता असं नको. ज्याला कॉम्प्युटरला प्रश्न विचारता येईल, रेकॉर्ड त्याच्याकडे. तुम्ही शिका. नाही जमलं तर रिसेप्शन आहेच, तिथली मीनल जूनमध्ये नोकरी सोडतेय."

रिसेप्शन म्हणजे फोन उचलायचा आणि नंबर पुकारायचा. इंदूदीदी म्हणाल्या, शिकते.

पहिला आठवडा माउसमध्ये गेला. दुसऱ्या आठवड्यात शिशिर म्हणाला, "सोपं आहे. टेबल म्हणजे तुमचा ड्रॉवर. एक ओळ म्हणजे एक कार्ड. रकाना म्हणजे कार्डावरची एकेक रेघ: नाव, वय, रक्ताचा निकाल."

"आणि पाकीट?"

"पाकीट नाही लागत. मोबाईल नंबर आहे ना. तीच चावी."

"एका घराचं सगळं एका नंबराखाली येईल?"

शिशिर तेव्हा स्वतःच्या फोनवर कोणाला तरी उत्तर देत होता. "हो, हो. नंबर टाकला की सगळं समोर येतं."

इंदूदीदींना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, मशीनलाही घर समजते. दिवाकर घाटे उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये टाइमकीपर होते. तिथल्या दणदणाटात डावा कान गेला, मग नोकरीही. आता ते तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत स्वयंपाक करतात. इंदूदीदी ओट्याशी उभ्या राहून त्यांच्या उजव्या कानाशी धडा घोकायच्या.

"सिलेक्ट डबा, फ्रॉम फडताळ, व्हेअर आत हरभऱ्याची डाळ."

दिवाकर निमूटपणे डाळीचा डबा काढून द्यायचे.

"आता व्हेअर न सांगता म्हणते. सिलेक्ट डबा, फ्रॉम फडताळ."

दिवाकरांनी फडताळातले सगळे चौदा डबे ओट्यावर मांडले होते. "हेच म्हणते ना तुझं मशीन? मग आता ठेव परत."

तिसऱ्या आठवड्यात भरणं सुरू झालं. रोज चौसष्ट कार्डं. पाकिटातून काढायची, भरायची, ड्रॉवरमध्ये परत उभी करायची. रिकामी झालेली पाकिटं रोजच्या रोज रद्दीत गेली. ती टाका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच टाकली. आता नंबर होता ना.

दुसऱ्या-तिसऱ्या कार्डालाच संगणकाने विचारलं होतं, हा नंबर आधीपासून आहे, बदल करायचा का? आणि त्या घरातलं आधी भरलेलं नाव समोर दिसलं. इंदूदीदींना त्यात नवल वाटलं नाही. पाकीट उघडलं की वरचं कार्ड दिसतंच, त्यावर दुसरं ठेवायचं असतं. त्यांनी 'हो' दाबलं, आधीचं नाव पुसून पुढचं लिहिलं. हिरवी पट्टी आली. अठरा दिवस त्या 'हो' दाबत होत्या.

आणि आज, गुरुवारी, भरणं संपल्यावर, शिशिर चहा प्यायला बाहेर गेला असताना, त्यांनी आपला पहिला स्वतःचा प्रश्न विचारला. किती झाली? चारशे बारा.

"दीदी," शिशिर आता सरळ बसला होता, "एक नंबर सांगा. कुठल्याही पेशंटचा. पाठ असलेला."

"मले सगळेच पाठ आहेत. राकेशचा घे, बीरगांवचा. राधिकाचा बाप."

त्यांनीच लिहिला. सिलेक्ट चांदणी, फ्रॉम पेशंट, व्हेअर मोबाईल. त्यांच्या बोटांचा वेग शिशिरच्या पावपट होता, पण बोटं थांबत नव्हती. एक ओळ आली. विराज, वय तीन. निकाल: निरोगी.

"हे कोण?"

"राधिकाचा चुलतभाऊ. धाकट्या काकाचं पोट्टं. याचं कार्ड शेवटी होतं." त्या पडद्याच्या जवळ गेल्या. "बाकीचे कुठं गेले? पाच जण आहेत घरात. राधिका कुठं आहे?"

शिशिरने हात डोक्याच्या मागे नेऊन बोटं गुंतवली. मग अगदी हळू विचारलं, "या पाचही जणांचा नंबर एकच आहे?"

"एकच. राकेश फॅक्टरीत जाते, फोन त्याच्या खिशात. घराले जो निरोप, तो राकेशच्या फोनवर."

"म्हणजे प्रत्येकाकडे फोन नसतो."

"काय बापा. तीन वर्षांच्या पोट्ट्याकडं कुठून येईल?"

"मी मोबाईल नंबर चावी केला कारण..." तो थांबला. "आमच्याकडे आजीचाही वेगळा आहे दीदी. मला सुचलंच नाही. चावी एकदाच वापरता येते. दुसऱ्यांदा तोच नंबर आला की पहिला माणूस पुसला जातो, त्याच्या जागी दुसरा बसतो. सातशे चौतीस वेळा."

"आणि मी 'हो' म्हणत गेली."

"बॅकअपही रोजचा आदल्या दिवसाच्या बॅकअपवरच लिहिला जातोय. त्यातही हेच असणार."

"मी एकेकाले पुसत गेली आणि वरून खूश होत गेली."

"मला कोणी सांगितलं नाही," शिशिर म्हणाला.

"तू विचारलं नाही. मी सांगितलं नाही. झालं."

मग इंदूदीदी उठल्या, माठातून दोन पेले पाणी आणलं, एक त्याच्यापुढे ठेवला. तो पितोय तोवर त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन्सिलीने दोन चौकोन काढले.

"हे पाहा. दोन टेबलं कर. एकात घरं. एकात माणसं. घराले घराचा नंबर, माणसाले माणसाचा. आणि माणसाच्या ओळीत लिहायचं, हा कोणत्या घरचा. फोन घराच्या ओळीत जाऊ दे. माणसाले फोनची काय गरज?"

शिशिर कागदाकडे बघत राहिला. "हे मी तुम्हाला आणखी दोन आठवड्यांनी शिकवणार होतो."

"याच्यात शिकवायचं काय आहे? वीस वर्षं हेच करून राहिली."

"आणि राधिकाचं लग्न झालं की? घराचा नंबर बदलायचा?"

"बदलला तर माहेर तुटलं. रक्त तर माहेरूनच घेऊन जाईल ना ती." त्यांनी दुसऱ्या चौकोनात आणखी एक रेघ मारली. "दोन रकाने ठेव. जन्माचं घर. आताचं घर."

शिशिरने पेन्सिल घेतली आणि दोन चौकोनांमध्ये एकाच्या ऐवजी दोन रेघा ओढल्या. "हे दोन जॉइन. आताच्या घरावर जोडलं तर कुटुंब येईल. जन्माच्या घरावर जोडलं तर..."

"तर सिकलिंग कुठून आलं ते येईल."

"दीदी, कार्डांवर सुनांच्या माहेरचं लिहिलंय?"

"थोडं. बाकी इथं आहे." त्यांनी पेन्सिलीने स्वतःच्या कपाळाला टकटक केलं. मग ती पेन्सिल खाली ठेवली, जशी फार जड असावी. "म्हणजे परत अठरा दिवस."

चार वाजून गेले होते. डॉक्टर कौमुदी दारात उभ्या राहिल्या, एका हातात फोन, दुसऱ्यात अर्धवट खाल्लेलं केळं. त्यांचा दिवसही सकाळी सातला सुरू झालेला असतो.

"झालं ना सगळं? सोमवारी मशीनवाला इंजिनिअर येतोय, फायनल. शनिवारी खोली रिकामी पाहिजे."

शिशिर उठून उभा राहिला. "मॅडम, एक प्रॉब्लेम आहे. एंट्री करताना थोडं..."

इंदूदीदींनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं.

"चावी चुकीची निवडली गेली," शिशिर म्हणाला. "मी निवडली. सातशे चौतीस माणसं गेलीत."

"गेलीत म्हणजे?"

"ओळी गेल्यात. कार्डं आहेत कपाटात."

"आणि 'हो' मी दाबलं," इंदूदीदी म्हणाल्या. "पाकिटं बी मीच फेकली."

कौमुदी रिकाम्या खुर्चीत बसल्या. केळ्याचं साल कुठे ठेवावं ते त्यांना कळेना, ते हातातच राहिलं. "किती दिवस लागतील?"

"अठरा."

"अठरा दिवस नाहीयेत माझ्याकडे, दीदी. सोमवारी खोली दाखवली नाही तर मशीन दुसऱ्या सेंटरला जाईल. बिलासपूरवाले लाईनमध्ये उभे आहेत. शिशिर, तुमच्या ऑफिसात मुली आहेत ना टायपिंगला?"

"चार आहेत."

"किती दिवसांत करतील?"

"चार जणी... पाच दिवस. पण मॅडम, नवीन रचना..."

"बस. शनिवारी कार्डं पोत्यांत भरून पंडरीला तुमच्या ऑफिसात. कपाट मागच्या शेडमध्ये. काम संपलं."

"ही कार्डं या खोलीबाहेर कधी गेली नाहीत," इंदूदीदी म्हणाल्या.

"मला माहीत आहे."

"डॉक्टरसाहेबांनी बी कधी घरी नेली नाहीत."

"दीदी, बाबांच्या वेळी दिवसाला सहा पेशंट यायचे."

"पंडरीत कामाले येणाऱ्या अर्ध्या पोरी बीरगांवच्या असतात. त्या चौघींतली एखादी राकेशच्या गल्लीतली नसेल काहून? निळा कोपरा पाहिला की संध्याकाळी गल्लीभर. राधिकाचं कुठंच जमणार नाही मग. आज निळा, उद्या लोक लाल म्हणतील."

"आपण त्यांच्याकडून लिहून घेऊ. कोणाला सांगणार नाही म्हणून."

"तिच्या आईकडून बी लिहून घ्याल?"

"कोणाच्या?"

"त्या टाइप करणारीच्या. आणि संध्याकाळी तिच्या घरी जेवाले जो बसेल त्याच्याकडून बी." इंदूदीदींचा आवाज चढला नव्हता. उलट खाली खाली जात होता, दिवसभर बोलून दमलेल्या माणसाचा असतो तसा. "लोकं इथं काहून येतात मॅडम? औषध तर सरकारीत बी भेटते. इथलं इथंच राहते म्हणून येतात."

"मग काय करू, तुम्हीच सांगा. कपाट व्हरांड्यात ठेवू? पेशंटच्या डोळ्यांसमोर?"

"मले इथं अठरा दिवस बसाले कोपरा द्या. मी सकाळी सहाला येते."

"खोली मशीनला आहे. रिसेप्शनवर बसून भराल? समोर वीस जण फोन आणि नंबर विचारत असताना?"

इंदूदीदी रिसेप्शनवर बसून एकही ओळ नीट लिहू शकल्या नसत्या, आणि ते त्या दोघींनाही ठाऊक होतं.

शिशिर मध्ये पडला. "मॅडम, सुनांची माहेरं कार्डावर नाहीत. ती फक्त दीदींना माहितीयेत."

"ते नंतर पाहू. आधी नावं तर येऊ देत परत."

"नंतर कधी?" इंदूदीदींनी विचारलं.

"नंतर, दीदी. नंतर म्हणजे नंतर." कौमुदींनी डोळे मिटून घेतले. "मशीन आलं की महिन्याला दोनशे बाळं तपासता येतील. दोनशे. मी एका राधिकासाठी..." वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. डोळे उघडले तेव्हा आवाज मवाळ होता. "तुम्ही दमलात. खरंच दमलात. सहा आठवडे पाहतेय मी. मीनल गेली की समोर बसा, आरामात. शिकलात ते वाया नाही जाणार, काही काढायचं असलं की तुम्हालाच विचारू."

कूलरचं पाणी संपलं होतं, तो कोरडा खरखरत होता. बाहेर कोणीतरी शटर वर ढकललं, पाच वाजायला आले होते. व्हरांड्यात पहिली चप्पल वाजली, मग एका लहान मुलाचं रडणं.

इंदूदीदींनी बीरगांवचा तिसरा ड्रॉवर अर्धा उघडा होता तो आत ढकलला. कार्डं एकमेकांना टेकून उभी होती, पाकिटाशिवाय, कोणाचं घर कुठे संपतं ते फक्त त्यांनाच दिसत होतं. त्यांनी सोळाही ड्रॉवर एकेक करून बंद केले. मग वरच्या कुलपात किल्ली फिरवली. कॅलेंडरचं पान घडी घालून शिशिरच्या हातात दिलं.

"हे जपून ठेव."

"दीदी," कौमुदी म्हणाल्या, "किल्ली माझ्या टेबलावर ठेवा. शनिवारी माणसं सकाळी आठलाच येतील, तुम्हाला लवकर यायला नको."

इंदूदीदी डॉक्टरसाहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. खुर्चीमागे खिळा होता, वीस वर्षांत त्याच्याभोवतीचा चुना किल्लीने घासून काळा झाला होता. त्या क्षणभर थांबल्या. पर्स उघडली. किल्ली आत टाकली, चेन ओढली.

"दीदी? किल्ली ठेवताय ना?"

व्हरांड्यातल्या बाकावरून कोणीतरी "नमस्ते दीदी" म्हणालं. इंदूदीदींनी त्या बाईला मान हलवून नमस्कार केला, पायऱ्यांवरची चप्पल पायांत सरकवली आणि मागे न पाहता उन्हात चालू लागल्या.